कुदळीखालचे देवगांडूळ

चार पाऊस झाले, माती मऊ झाली, की कोकणात आणि घाटमाथ्यावर बागेतल्या कामांना जोर येतो. माडाला आळे करताना किंवा उकिरडा उपसताना एखादा वीतभर लांबीचा, जांभळट, ओलाकंच जीव कुदळीपाशी वळवळतो. ‘साप, साप’ अशी हाकाटी होते आणि पुढच्याच घावात त्याचे दोन तुकडे होतात. तो साप नसतो आणि गांडूळही नसतो. ते असते देवगांडूळ, म्हणजे बेडकाच्या गणगोतातला, पाय नसलेला उभयचर.

त्याला जरा जवळून पाहा. अंगावर गांडुळासारखी वळी दिसतात, पण तोंडात जबडा आणि टोकदार दात असतात. डोळे कातडीखाली, काही जातींत तर हाडाखाली दडलेले. ती उणीव भरून काढते डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली इवलीशी स्पर्शिका. ती आतबाहेर करत देवगांडूळ अंधारात वासाचा माग काढते. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला असे इंद्रिय नाही.

या प्राण्याचा अभ्यास करायचा तर भर पावसात माती उकरावी लागते, दगड उलटावे लागतात. अशाच शोधातून 2003 साली आंबोलीच्या देवगांडुळाची नवी जात जगापुढे आली. ज्येष्ठ निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव तिला दिले गेले. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची आणखी एक जात नोंदली गेली. तिचे नाव शेषाचारी. या शेषाचारीने पुढे शास्त्रज्ञांना चकित केले. तिच्या जवळच्या भाऊबंदांत मादी ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यांना वेटोळे घालून राखण करते. शेषाचारीची मादी मात्र थेट पिल्लांनाच जन्म देते. वरद गिरी, डेव्हिड गॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली हे प्रसिद्ध केले, तेव्हा आशियातल्या देवगांडुळांमधली ही अशी पहिलीच नोंद ठरली.

परदेशातल्या जातींचे मातृत्व तर याहून नवलाचे. केनियातल्या एका जातीत आईच्या कातडीचा वरचा थर चरबीने भरतो आणि पिल्ले तो खरवडून खातात. हे 2006 साली समजले. ब्राझीलमधल्या एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा स्निग्ध स्राव पाजते आणि त्यासाठी पिल्ले आवाज करून तिच्यामागे लागतात. हे कळायला 2024 साल उजाडावे लागले.

जगात देवगांडुळांच्या दोनशेहून अधिक जाती ठाऊक आहेत. त्यांतल्या कित्येकींपुढे संवर्धनाच्या जागतिक यादीत ‘माहिती अपुरी’ एवढाच शेरा आहे. त्या संकटात आहेत की सुखरूप, हे ठरवण्याइतकीही सामग्री हाताशी नाही. संशोधक वर्षातून काही दिवस येतात; माती रोज उपसतो तो शेतकरी आणि बागायतदार.

म्हणून एक विनंती. अंगावर वळी आहेत, बाहेरून खवले दिसत नाहीत आणि कातडी ओली आहे, असा जीव दिसला तर कुदळ थांबवा. तो माणसाला अपाय करत नाही; मातीतले किडे, वाळवी आणि गांडुळे खाऊन जगतो. मात्र ओळख पटली नाही, तर हात लावू नका. लांबूनच फोटो काढा, जागा आणि तारीख टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. मग उकरलेली ओली माती हलकेच त्याच्यावर लोटा आणि पुढचे आळे करायला घ्या.