'गंमत' म्हणून होणारा छळ
(माध्यमिक शिक्षकांच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, त्याला आपल्या भाषांत अद्याप स्थिर असे नाव नाही. कोणी त्यास सायबर छळ म्हणतात, कोणी ऑनलाइन गुंडगिरी. मुले मात्र 'गंमत' एवढेच म्हणतात, आणि ह्या शेवटच्या शब्दाचीच मला अधिक धास्ती वाटते.

रॅगिंग आपणांस परिचित आहे. त्याविरुद्ध तमिळनाडूने १९९७ साली व महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला. परंतु रॅगिंगला वसतिगृहाचे दार होते. सुट्टी लागून विद्यार्थी गावी गेला, की काही दिवस तरी त्याची सुटका होई. मोबाइलने ते दारच काढून टाकले आहे. वर्गातला छळ आता जेवणाच्या पानापर्यंत आणि निजावयाच्या उशीपर्यंत येऊन पोहोचतो.

नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी आपले जीवन संपविले. सोबत्यांनी केलेला छळ हे त्याचे कारण मानले गेले आणि पुढच्याच वर्षी तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. तीत डॅन ओल्वेयस ह्या मानसशास्त्रज्ञांचा पुढाकार होता. दुखविण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन पक्षांच्या बळातील तफावत ही छळाची त्यांनी सांगितलेली लक्षणे आजही प्रमाण मानली जातात. पण मोबाइलच्या पडद्यावर ती ओळखावयाची कशी? एका मुलाने वर्गमित्राच्या चेहऱ्याचे स्टिकर बनविले आणि गटात एकदाच टाकले. त्याच्या दृष्टीने गोष्ट तेथेच संपली. परंतु चाळीस जणांनी ते जपून ठेवले, पंधरा जणांनी पुढे पाठविले, आणि महिन्याभराने शिकवणीच्या गटात कोणीतरी ते पुन्हा काढले. पुनरावृत्ती झाली ती अशी. ती करणारा एकच हात मात्र दाखविता येत नाही. बळाचेही तसेच. दंडात जोर असावा लागत नाही. छायाचित्र कोणापाशी आहे, गटातून कोणाला काढावयाचे हे कोणाच्या हाती आहे आणि खोट्या नावामागे कोण दडू शकतो, ह्यावर बळ ठरते. आणि घाव घालावयाच्या जागा जुन्याच आहेत: आडनावावरून कळणारी जात, रंग, देहाचा स्थूलपणा, अडखळते इंग्रजी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. २०२० च्या मे महिन्यात दिल्लीत शाळकरी मुलांचा एक इन्स्टाग्राम गट उघडकीस आला. अल्पवयीन मुलींची छायाचित्रे त्यात फिरविली जात होती. अशी बातमी येते तेव्हा घराघरांत पहिला हुकूम सुटतो तो मुलीलाच: फोन दे, खाते बंद कर, प्रसंगी शिक्षणही पुरे कर. अपराध दुसऱ्याचा, शिक्षा हिला. मुली सांगत नाहीत ह्याचे नवल का वाटावे? मुलगेही सांगत नाहीत, कारण फोन काढून घेतला जाईल हे त्यांनाही ठाऊक असते. टाळेबंदीपासून अभ्यासाची टाचणे, शाळेच्या सूचना, सारे काही त्याच फोनवर येऊ लागले आहे. म्हणून पालकसभेत मी आग्रहाने सांगतो, की 'सांगितलेस म्हणून तुझा फोन जाणार नाही' हे वचन मुलाला आधी द्या. संकट आल्यावर दिलेले वचन मुले खरे मानीत नाहीत.

कायद्याविषयी थोडेसे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 'कलम ६६ अ' होते. त्रासदायक वाटेल असा मजकूर पाठविणे हाच त्याने गुन्हा ठरविला होता. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणी फेसबुकवरील मजकुरामुळे पकडल्या गेल्या तेव्हा हे ढिसाळ हत्यार तरुणांवरच कसे उलटते ते दिसले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आता छळाविरुद्ध काही तरतूदच उरली नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. खाजगीपणाचा भंग, तोतयेगिरी, बालकांची अश्लील चित्रे, स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग ह्यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्यास कळते, त्याने पोलिसांना कळविणे २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने बंधनकारक केले आहे. 'शाळेचे नाव खराब होईल' म्हणून प्रकरण दडपणारे मुख्याध्यापक स्वतःच कायद्याच्या कक्षेत येतात, हे आपण त्यांना सौम्य शब्दांत का होईना, पण सांगितले पाहिजे.

तथापि बहुतेक प्रकरणे पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याच्या योग्यतेची नसतात आणि जाऊही नयेत. छळणाराही चौदा वर्षांचाच असतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडे एकच फोन सारे घर वापरते. अशा ठिकाणी तो मार्ग कितपत चालेल ह्याची मला शंका वाटते. मला फिनलंडचा अनुभव अधिक उपयुक्त वाटतो. क्रिस्तिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की छळाच्या प्रसंगी वर्गातील जवळजवळ प्रत्येक मूल काही ना काही भूमिका वठवीत असते: कोणी साथ देतो, कोणी हसतो, कोणी दूर सरतो, एखादाच पीडिताची बाजू घेतो. तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' हा कार्यक्रम ह्याच बघ्यांवर भर देतो. छळणाऱ्याशी शिक्षक स्वतंत्रपणे बोलतातच. शिवाय वर्गात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन-चार मुलांना बोलावून पीडिताला आधार देण्यास सांगतात.

हे आपल्या वर्गात अशक्य नाही. हसण्याची चिन्हे आली नाहीत तर ते स्टिकर पुढे जात नाही. गटात कोणी जाहीर विरोध करावा अशी अपेक्षा सुरुवातीस ठेवू नका; बारा वर्षांच्या मुलाला ते धैर्य कोठून यावे? त्या रात्री पीडिताला वेगळा निरोप धाडणे, 'मला ते आवडले नाही' एवढेच लिहिणे, हे मात्र कोणालाही जमते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. मूल तुमच्याकडे आले तर मजकूर घाईने पुसू देऊ नका. खात्याचे नाव, दुवा, दिनांक व वेळ लिहून ठेवा, धमक्यांचे स्क्रीनशॉट मुलाच्याच फोनवर असू द्या. परंतु नग्न वा लैंगिक छायाचित्र असेल तर पुरावा म्हणून आपल्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. तसे करणे हाही गुन्हा ठरू शकतो. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहा; आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळ आहे, हे मुलांना आणि पालकांना सांगून ठेवा.