पाण्यावांचून वसलेलें शहर

गांव वसविणें हा पूर्वीं राजेरजवाड्यांचा उद्योग होता. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली. तिचेंच पुढें औरंगाबाद झालें, आणि आज त्या शहरास छत्रपती संभाजीनगर म्हणतात. हाच उद्योग घरीं टीव्हीपुढें बसून करण्याची सोय विल राइट या अमेरिकन गृहस्थानें १९८९ सालीं 'सिमसिटी' नांवाचा खेळ काढून केली. १९९१ मध्यें जपानच्या निंटेंडो कंपनीनें आपल्या 'सुपर निंटेंडो' यंत्रासाठीं त्याची निराळी आवृत्ति काढली. ती आवृत्ति तीस वर्षांहून अधिक काळानें पुन्हा हातीं घेणाऱ्यास काय दिसतें, तें आज पाहूं.

राइटची हकीकत मोठी गमतीची आहे. १९८४ सालच्या एका लढाईच्या खेळासाठीं त्यानें बेटें आणि त्यांवरील इमारती रचण्याचें साधन तयार केलें होतें. बाँब टाकून तीं बेटें उद्ध्वस्त करण्यापेक्षां रचण्यांतच त्याला अधिक गोडी वाटूं लागली! पुढें जे फॉरेस्टर यांचा १९६९ चा 'अर्बन डायनॅमिक्स' हा ग्रंथ त्याच्या हातीं आला, आणि गोडीला गणिताची जोड मिळाली.

खेळणाऱ्यास आरंभीं केवळ माळरान मिळतें. वस्तीचे, बाजाराचे व कारखान्यांचे भूखंड आंखावयाचे, तेथें वीज आणि रस्ता न्यावयाचा. घरें लोक आपणहून बांधतात. हिरव्या केसांचे एक डॉक्टर राइट मधून मधून येऊन सल्ला देतात. खरी कसोटी लागते ती सर्वांत कठीण पायरीवर. खजिन्यांत अवघे ५,००० डॉलर, आणि कोळशाच्या वीजकेंद्रालाच ३,००० लागतात. उरलेल्या २,००० मध्यें दर भूखंडास १००, रस्त्याच्या दर चौकटीस १०. लहानपणीं हा खेळ खेळलेला मनुष्य हौसेनें प्रथम ५०० डॉलरांची पोलीस चौकी बांधतो आणि वर्षअखेरीस कर जमा होण्यापूर्वींच हात चोळीत बसतो. प्रपंच केलेला मनुष्य मात्र मोजके भूखंड आंखून थांबतो. कर वाढवावा तर वस्ती उठून जाते, हेंहि त्याला सांगावें लागत नाहीं.

पांच लक्ष वस्तीची महानगरी उभारणें हें या खेळांतील शिखर. नकाशा १२० × १०० चौकटींचा, भूखंड नऊ चौकटींचा. म्हणजे नदी, रस्ता, कांहींच नसतें तरी साधारण १,३३३ भूखंड, आणि दर भूखंडावर सरासरी ३७५ माणसें! म्हणून निष्णात खेळाडू रस्ते टाकीतच नाहींत. सर्वत्र लोहमार्ग घालतात, कारण त्यावर वाहनांची कोंडी होत नाहीं. ही युक्ति हुशारीची खरी, परंतु ज्या नगरांत बैलगाडीलाहि वाट नाहीं तें नगर कसलें?

कारखान्याचा धूर जवळच्या वस्तीचें मोल उतरवितो, हा नियम मात्र खरा उतरला आहे. गंगापूर तालुक्यांतील वाळूज येथें १९८५ मध्यें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या भागाचें रूप पालटलें. तेथें राहणाऱ्यास कारखाना किती दूर असावा आणि कामावर जाण्याची वाट किती लांब असावी, या दोहोंतील ओढाताण खेळांत पाहून नवल वाटणार नाहीं.

नवल वाटेल तें दुसऱ्याच गोष्टीचें. या खेळांत शहराला पाणी लागतच नाहीं! वीज तुटली तर घरें ओस पडतात. नळाचा मात्र प्रश्नच नाहीं, कारण नळच नाहीं. जलवाहिन्या आल्या त्या १९९३ च्या 'सिमसिटी २०००' या पुढील खेळांत. मलिक अंबराला असें करून भागलें नसतें. त्यानें जमिनीखालून नहर खणून, केवळ उताराच्या बळावर, खडकींत पाणी आणलें. गंगापूर तालुक्याचें कायगांव तर प्रवरा-गोदावरीच्या संगमावर. खालीं पैठणला जायकवाडीचें धरण. तरी याच मराठवाड्यांत २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें.

नदी त्या नकाशावरहि आहे. तिच्यामुळें कांठच्या जमिनीचें मोल चढतें, आणि खेळणारा तिच्या दोन्ही तीरांवर दाट घरें आंखीत जातो. तिच्यांतून घागरभर पाणी उचलण्याची सोय मात्र कोठेंहि ठेवलेली नाहीं, आणि डॉक्टर राइटहि त्याविषयीं अवाक्षर काढीत नाहींत.