जुन्या वॉलपेपरवर रंग द्यावा का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घराच्या टापटिपीविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी या विषयातली जाणकार नव्हे. परंतु एकदा चांगलीच चुकले आहे. तेवढ्याच अधिकारावर उभी आहे.

आमच्या जळगावच्या घरात पंधरा वर्षांपूर्वी दोन खोल्यांना वॉलपेपर लावला होता. मोठाली गुलाबाची फुले. तेव्हा कोण कौतुक! पुढे तीच डोळ्यांत खुपू लागली. थोरलीचे लग्न वैशाखात ठरले. आखाजीच्या आत रंग व्हायला हवा होता. रंगारी म्हणाला, "ताई, कागद खरवडून काढू." मी म्हटले, "चार दिवस मोडतील. वरूनच द्या रंग."

लग्नात पाहुण्यांनी भिंत वाखाणली. श्रावण लागला आणि तिच्यावर पापडासारखे फुगे आले. ती खोली सासूबाईंची. त्या धुळ्याकडच्या. भिंत हाताला गार लागते, असे दोन वर्षे सांगत होत्या. म्हातारपणी असे वाटायचेच, म्हणून आम्ही सोडून दिले. कागद ओढला, तर मागे काळी बुरशी! पलीकडच्या न्हाणीघराचा नळ भिंतीत झिरपत होता. अशा खोलीत खोकला हटणार कसा, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला मान वर करवेना. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वरतून गोरं, मझार वल्लं!"

वेळेअभावी दुसरी खोली राहिली होती. ती दिवाळीपूर्वी केली. पण या खेपेस विचारून. तिथली भिंत कोरडी, कागद घट्ट. म्हणून तो ठेवला. आधी बोटाच्या पेराने सगळी भिंत वाजवून पाहिली. पोकळ आवाज आला तेथला कागद कापून काढला, सुटलेल्या कडा चिकटवल्या. गुळगुळीत कागदावर रंग धरत नाही, म्हणून हलका पॉलिशपेपर फिरवला. मग तेलाच्या प्रायमरचा पातळ हात दिला. पाण्याचा रंग थेट दिला, तर मागची खळ भिजते आणि कागद फुगतो. माझे एक चुकले ते हेच. प्रायमर वाळल्यावर सांध्यांवर लांबी भरली, घासली, तेवढ्यावर पुन्हा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. आधी कोपऱ्यात हातभर जागा रंगवून दोन दिवस वाट पाहावी, हे उत्तम.

कागद काढायचाच, तर आधी त्या खोलीची वीज बंद करावी. प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा बहुधा सुकाच निघतो. उरलेला कागद कोमट पाण्याने भिजवून पंधरा-वीस मिनिटांनी पत्र्याच्या पट्टीने सोडवावा. खळ धुऊन काढावी आणि भिंत पुरती वाळू द्यावी.

आपल्याजवळचे अजिंठा पाहा. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. चित्रांचे पोपडे पडू नयेत, म्हणून त्यांनी वरून लाखेचे रोगण दिले. हेतू चांगलाच होता. पण रोगण पिवळे पडले, काळवंडले आणि चित्रे झाकोळली. ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला पुढे अनेक वर्षे खपावे लागले. वरून लेप देणे काही दिवसांचे काम. तो उतरवणे पिढ्यांचे.

तेव्हा भगिनींनो, भिंत कोरडी आणि कागद घट्ट असेल, तर खुशाल वरून रंग द्या. ओल असेल, तर आधी नळ, मग भिंत, शेवटी रंग.

सासूबाईंची भिंत सगळी खरवडली, नळ बदलला, दोन महिने उघडी ठेवली. रंगारी पुन्हा आला, तेव्हा मी आधी सासूबाईंना म्हटले, "आई, हात लावून बघता का?" त्यांनी पालथा हात बराच वेळ भिंतीला टेकवून ठेवला आणि मान हलवली. मग डबा उघडला.