ठाऊक असलेला तांब्या



चित्रकलेवर बोलायला आम्हांला उभे केले आहे खरे. पण आम्ही चित्रकार नव्हे. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेत आमचा तांब्या परीक्षकांना फणस वाटला असावा; आम्ही नापास झालो. त्यानंतर वयाच्या ५२ व्या वर्षापर्यंत पेन्सिल हाती धरली ती वाण्याचा हिशेब मांडायला.

मग पुन्हा तांब्याच पुढ्यात घेतला, आणि चूक सापडली. तांब्याचे तोंड गोल असते हे आम्हांला ठाऊक होते, म्हणून ते गोल काढीत होतो. तो जमिनीवर सपाट बसतो हेही ठाऊक, म्हणून बूड सरळ रेघेने! पाहिले होते कोठे? तांब्याचे तोंड नजरेच्या पातळीत आणा, नुसती आडवी रेघ दिसते. तांब्या खाली नेत जा, तसतसा तिचा लंबगोल होतो आणि फुगत जातो. बूड नजरेपासून तोंडापेक्षाही खाली; तेव्हा त्याची गोलाई अधिक. आज घरी गेल्यावर करून पाहा, पैसा पडत नाही.

माणसाच्या चेहऱ्याचेही तेच. डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते कपाळात नेऊन बसवतो. कपाळाकडे आणि केसांकडे आपण कधी लक्षच देत नाही ना! याला उपाय पेन्सिलीचाच. हात ताठ करावा, एक डोळा मिटावा, अंगठ्याने माप घ्यावे. कोपर वाकले की माप बदलले.

इंग्रज लेखक रस्किन याने १८५७ साली नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिले, त्याच साली मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय सुरू झाले. त्याचा आग्रह असा, की वस्तूचे नाव विसरून तान्ह्या मुलासारखे रंगाचे नुसते डाग पाहावेत. अमेरिकेतल्या बेट्टी एडवर्ड्स या बाईंनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात चित्र उलटे ठेवून नक्कल करायला लावली. म्हणजे हे नाक, हा हात, असे मनाला म्हणताच येत नाही. त्यांचा मेंदूच्या दोन बाजूंचा सिद्धान्त आज शास्त्रज्ञ जसाच्या तसा मानीत नाहीत. पण युक्ती मात्र लागू पडते.

आता घरचे सांगतो. आमची आई तांदूळ निवडीत बसे, तिचे चित्र काढायला घेतले. मान सुपावर वाकलेली पहिल्याच दिवशी काढून टाकली. तिसऱ्या दिवशी माप घेतले तो मान जुळेना. ती सुपाकडे पाहतच नव्हती. तोंड खिडकीकडे, आणि खडे बोटांनी चाचपून काढीत होती.

खोडरबर हातातच राहिले. विचारले, "आई, दिसत नाही का ग तुला?"

"वर्ष झालं असेल," ती म्हणाली. "तुला कशाला घोर?"

रोज दोन वेळा तिच्या समोर बसून आम्ही जेवत होतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. यथावकाश शस्त्रक्रिया झाल्या. चष्मा आल्यावर तिने ते चित्र मागवून घेतले, उजेडाला धरले, आणि म्हणाली, "सूप बरं काढलंयस. नाक माझं नव्हे."

ते नाक आम्हांला अजून साधलेले नाही.