एकच सूत्र, सर्व कागदांवर
(वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब विभागाच्या वतीने केलेले निवेदन)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आकडे वाचून दाखवतो. यंदा आधी एका चुकीची कबुली द्यावयाची आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, हे आपण जाणताच. पात्रता कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून ठरते आणि ती उत्पन्नमर्यादा वेळोवेळी बदलते. ही पात्रता तपासण्यासाठी आमच्या एका सहकाऱ्याने एक्सेलमध्ये ‘सवलत’ नावाचे फंक्शन लिहिले होते. समाजसेवा विभाग, देयक कक्ष, औषधभांडार या सर्वांनी ते आपापल्या वर्कबुकमध्ये उतरवून घेतले. खोट तेथेच होती. एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीला कळत नाही. मर्यादा वाढली तेव्हा समाजसेवा विभागाची प्रत सुधारली गेली; देयक कक्षाची तशीच राहिली.

एका रुग्णाच्या भावाने दोन कागद आमच्यापुढे धरले. “साहेब, या कागदावर सवलत आहे, त्यावर नाही. खरं कोणतं धरायचं?” अनामत भरण्यासाठी त्यांनी घरातील दागिने गहाण टाकले होते. जादा घेतलेली रक्कम आम्ही परत केली. गहाणाचे व्याज तोवर त्यांनी भरले होते.

आता हे फंक्शन एका ॲड-इनच्या रूपाने सामायिक फोल्डरमध्ये एकाच जागी ठेवले आहे. संगणकावर ॲड-इन एकदा जोडले की कोणत्याही वर्कबुकमध्ये ते बेरजेच्या सूत्राइतके सहज वापरता येते. न जोडलेल्या संगणकावर नवी गणना करताच चौकटीत चुकीची खूण उमटते. कर्मचाऱ्यांना तिचा त्रास होतो खरा. पण जुना आकडा मुकाट्याने छापला जाण्यापेक्षा तो त्रास बरा, असे आमचे मत आहे. जुन्या प्रती एकेक वर्कबुक उघडून काढून टाकाव्या लागल्या. हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक होते.

एक मेख मात्र उशिरा ध्यानात आली. सूत्र सर्वत्र एकच झाल्यावर, घरी गेलेल्या रुग्णांची जुनी वर्कबुके उघडून पुन्हा गणना केली असता त्यांनाही नवी मर्यादा लागू होऊ लागली! म्हणून आता फंक्शनला उत्पन्नाबरोबर दाखल झाल्याची तारीखही द्यावी लागते, आणि त्या दिवशी अमलात असलेली मर्यादाच ते धरते.

औषधभांडारातील दोन संगणकांवर ॲड-इन अद्याप जोडावयाचे आहे. तोवर तेथील सवलतीचा प्रत्येक कागद देयक कक्षातून तपासून जाईल. आप्तेष्टांना विनंती अशी, की दोन कागदांवर दोन आकडे दिसल्यास पैसे भरण्यापूर्वी ते आम्हाला दाखवावेत.