लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारीतून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशप्रवासाची हकीकत सांगा, अशी कार्यवाह ताईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार माणसांपुढे बोलण्याची सवय नाही. म्हणून लिहून आणले आहे, तेच वाचते. लंडनचा राजवाडा, नदी, मोठे घड्याळ हे सगळे मी पाहिले. पण त्यांची चित्रे आपण घरबसल्या पाहतोच. मी सांगणार आहे ती एका जुन्या मोटारीची गोष्ट.

माझी धाकटी बहीण लंडनच्या दक्षिण भागात क्रॉयडन येथे राहते. 2024 च्या सप्टेंबरात ती बाळंत झाली. आई जाऊन सहा वर्षे झाली, तेव्हा बाळंतपणाला जाणार कोण, तर मीच. आमच्या ह्यांना रजा मिळेना. घरात एकच प्रश्न, "सोबत कोण?" कऱ्हाडहून पुण्याला जायचे तरी मी कधी एकटी गेले नव्हते. सासूबाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊन सांगते. त्या आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. रागाने नव्हे, काळजीने. मग एके दिवशी त्यांनीच डिंक, खारीक आणि खोबरे आणून ओट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "लाडू इथूनच करून ने. तिकडचा डिंक कसा असेल कोण जाणे." मी काय ते समजले.

बहिणीच्या शेजारी एक वृद्ध जोडपे राहते. आजीबाईंचे वय त्र्याहत्तर. त्यांच्या गॅरेजात त्यांच्या वडिलांची मोटार आहे, फ्रान्समधल्या दे दिआँ बुताँ या कारखान्यात 1901 साली झालेली. मोटार म्हणजे आपल्याकडच्या टांग्याला घोडा जुंपायचा विसरलेला, असे ध्यान! वर छप्पर नाही, पुढे काच नाही. चालवणारा मागच्या बैठकीवर बसतो, त्याच्या खालीच इंजिन. आणि पाहुण्यांची बैठक पुढे, पण तोंड मागे, चालवणाऱ्याकडे. समोरासमोर बसून गप्पा माराव्यात तशी. ताकद साडेचार घोड्यांची. ही मोटार आजोबा नव्हे, आजीबाई स्वतः चालवतात. आजोबा मागून आजच्या मोटारीतून हत्यारे आणि चहाचा थर्मास घेऊन येतात.

दर नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी अशा जुन्या मोटारी लंडनच्या हाइड पार्कमधून समुद्रकाठच्या ब्रायटनला जातात. अंतर सुमारे साठ मैल. 1905 पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच त्यात प्रवेश असतो. आजीबाईंच्या पुढच्या बैठकीवर दरवर्षी त्यांची बहीण बसे. यंदा तिचे गुडघे धरले होते. जागा रिकामी होती, म्हणून त्यांनी मला विचारले. मी बाळाकडे पाहिले. बहीण म्हणाली, "ताई, तू जा. एक दिवस बाळाला त्याचे बाबा बघतील." आणि तिच्या यजमानांनी बघितले हो, दुपटी धुण्यापासून सगळे.

त्या वर्षी शनिवारी पाडवा आणि रविवारी भाऊबीज. पाडव्याला आपण वाहनाची पूजा करतो, हे बहिणीने आजीबाईंना सांगितले. त्यांनी आनंदाने गॅरेज उघडले. मी हळद-कुंकू वाहिले, पुढे लाडू ठेवला. त्यांनी विचारले, तेल कुठे घालायचे? त्यांना वाटले, हीही काही दुरुस्तीच असावी!

पहाटे चारला उठून निघालो. मोटार गाडीला जोडलेल्या ट्रॉलीवर चढवून हाइड पार्कला नेली. साडीवर स्वेटर, त्यावर बहिणीचा कोट, डोक्याला लोकरी स्कार्फ. आभाळ राखाडी. शेकडो मोटारी उभ्या. कोणी वाफेवर चालणारी, कोणी विजेवर. एवढ्या जुन्या काळी विजेची मोटार होती हे मला नवीनच होते. उजाडण्याच्या सुमारास तिथे एक लाल निशाण सर्वांसमक्ष फाडतात आणि मग गाड्या सुटतात. हे कशासाठी, ते मी नंतर बहिणीकडून नीट समजून घेतले.

1865 साली त्या देशात असा कायदा झाला होता की, रस्त्यावर इंजिनाची गाडी न्यायची तर तिच्यापुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे. गाडीचा वेग गावात ताशी दोन मैल आणि बाहेर चार. आपण भाजीची पिशवी घेऊन याहून भरभर चालतो. 1878 साली निशाणाची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस राहिला. तो 1896 साली गेला आणि वेग चौदा मैलांपर्यंत वाढला. त्या आनंदात 14 नोव्हेंबर 1896 ला लोकांनी लंडनहून ब्रायटनला मोटारी नेल्या. तिशीच्या वर निघाल्या, पोचल्या जेमतेम निम्म्या. त्यांतली एक तर रेल्वेने नेली आणि वर चिखल फासून पुढे आणली, असे सांगतात. माणसे सगळीकडे सारखीच!

निशाण जाऊनही माणूस अठरा वर्षे पुढे चालतच होता, हे मला फार वेळ आठवत राहिले. बाकी आपण जाणत्याच आहात.

वेस्टमिन्स्टरचा पूल ओलांडून, ब्रिक्स्टनवरून आम्ही दक्षिणेला निघालो. माझ्या शेजारी आजीबाईंचा नातू. गाडीला आरसा नाही, तेव्हा मागून कोण येते हे सांगण्याचे काम आमचे. अंग सारखे थरथरत होते. थंडीने किती आणि इंजिनाने किती, कळत नव्हते. दुतर्फा लोक हात हलवत. क्रॉयडनजवळ पर्लीला बहीण बाळाला गुंडाळून कडेला उभी होती. सव्वा महिना होऊन गेला होता, म्हणून मीच तिला ये म्हटले होते. गाडी थांबवता येत नव्हती. पण माझे तोंड मागे होते ना, त्यामुळे ती मला बराच वेळ दिसत राहिली, अगदी ठिपक्याएवढी होईपर्यंत. तिच्या लग्नात मी मांडवातल्या कामात होते. तिची गाडी सुटली तेव्हा मला नुसता धुरळा दिसला होता. त्याची भरपाई मला परमुलखात अशी मिळाली.

क्रॉलीला सर्वजण थांबतात. आजीबाईंनी पाणी भरले, तेल पाहिले, आणि उभ्याउभ्या दोन डिंकाचे लाडू खाल्ले. मग त्यांनी मला बेर्टा बेंझ या जर्मन बाईंची गोष्ट सांगितली, निम्मी शब्दांनी, निम्मी हातवाऱ्यांनी. या बाईंनी लग्नाआधीच आपल्या हुंड्याचा पैसा होणाऱ्या नवऱ्याच्या कारखान्यात घातला होता. नवऱ्याने मोटार तयार केली, 1886 साली तिचे पेटंट घेतले, पण ती घेऊन लांब जाण्याचा धीर कोणाला होईना. 1888 च्या ऑगस्टात बाईंनी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. साठ मैलांहून जास्त वाट. कुठे, तर माहेरी! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. तारेला वेष्टण हवे होते, तिथे मोज्याचा बंद वापरला. इंधन औषधांच्या दुकानातून घेतले. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. भगिनींनो, यांतले एकही काम आपल्याला न येण्यासारखे आहे काय?

पुढे क्लेटनची टेकडी लागली. आपल्या खंबाटकीपुढे ती काहीच नाही, पण साडेचार घोडे अर्ध्यावर दमले. नातू उतरला, मी उतरले, निऱ्या खोचल्या आणि लावला मागून जोर. बंद पडलेली एस.टी. ढकलण्याचा अनुभव तिथे कामी आला. आजोबा मागून ओरडून काही सांगत होते, ते कोणीच ऐकले नाही.

साडेचारच्या आत पोचणाऱ्या गाडीला पदक मिळते. आम्ही पावणेचारला पोचलो. ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटे. हातपाय काळे झाले होते, समुद्रातही धुता येईनात, इतके पाणी गार. घरी परतायला रात्र झाली. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. लहानपणापासून भाऊबीजेला चंद्राला ओवाळतो. ढगांमुळे त्या रात्री चंद्र दिसला नाही. बहिणीने तबक तयारच ठेवले होते. तिने आकाशाकडे ओवाळले, मग मला ओवाळले आणि माझ्या कोटाचा तेलाचा वास घेऊन खूप हसली.

आपल्यांपैकी कित्येकींची मुले, भावंडे परदेशी आहेत आणि पासपोर्ट कपाटात पडून आहेत. तिकडच्या व्हिसासाठी मी कोणकोणते कागद दिले आणि विमानतळावर काय काय विचारतात, ते एका वहीत लिहिले आहे. वही कार्यवाह ताईंकडे ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी मागून घ्यावी, मात्र आठ दिवसांत परत करावी, कारण सासूबाईंना पुढच्या वर्षी नातवंड बघायला माझ्याबरोबर यायचे आहे.