दोष एकट्या सुनेच्या माथी का?



लग्नाला चार-पाच वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की सुनेची व्रतवैकल्ये सुरू होतात, मागोमाग तिच्या तपासण्या. मुलाची तपासणी होते ती सर्वांत शेवटी. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो.

हे कारण पौरुषाची उणीव नव्हे. पुष्कळदा ते जन्मतःच गुणसूत्रात असते. इटलीतील टिएपोलो व झुफार्डी यांना १९७६ साली शुक्राणूहीन अशा सहा पुरुषांच्या वाय गुणसूत्राचे टोक गळालेले आढळले. शुक्राणू घडविणारी जनुके तेथेच होती. असे का घडते? इतर गुणसूत्रे जोडीने असतात. एकातील बिघाड दुसऱ्यावरून दुरुस्त होतो. वाय मात्र जवळजवळ एकाकी. त्याचे काही भाग ‘रामाला भाला मारा’ या वाक्यासारखे उलटसुलट सारखेच असतात आणि त्यांच्या आधारे ते स्वतःची डागडुजी करते. पण हेच सारखे भाग कधी चुकीच्या ठिकाणी जुळतात आणि मधला तुकडा गळून पडतो. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३४० शुक्राणूहीन भारतीय पुरुषांपैकी सुमारे साडेआठ टक्क्यांत असा लोप दिसला.

मात्र प्रत्येक लोप म्हणजे वंध्यत्व नव्हे. ‘जीआर-जीआर’ नावाचा एक लहान लोप इटलीतील पाहण्यांत शुक्राणूंच्या घटीशी निगडित आढळला. जपानमध्ये मात्र एका मोठ्या पितृकुळात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ते कुळ नांदते आहे. एकाच बदलाचा अर्थ समाजागणिक पालटतो. म्हणूनच परदेशी मोजपट्टी आपल्याला पुरेशी नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, तिचे मोल इथे आहे.

घरच्या निर्णयालाही हे ज्ञान उपयोगी पडते. शुक्राणू नसतील वा फारच कमी असतील, तर वाय गुणसूत्राची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी करावी. लोप ‘ए’ किंवा ‘बी’ विभागात पूर्ण असेल, तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. केवळ ‘सी’ विभागात असेल, तर अनेकदा मिळतात. १९९२ पासून परिचित झालेल्या ‘इक्सी’ उपचारात एक शुक्राणूही पुरतो. पण पित्याचा लोप पुत्राकडे जातो, हेही दांपत्याला आधीच सांगितले पाहिजे.

वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे येते. सून ते माहेरून आणत नाही. एवढे जरी प्रत्येक घराने ध्यानी घेतले, तरी अनेक लेकींच्या डोळ्यांतले पाणी थांबेल. पहिली तपासणी दोघांचीही व्हावी आणि त्यासाठी मुलाने स्वतः पुढे यावे. त्यात कमीपणा कसला?